आगोट आली, व्हीआयच्या ड्रमांचं आधी बघा

घरात आगोटीची बेगमी सुरू झाली की लोटे, महाड, रोह्याकडच्या वंगण तेलाच्या ब्लेंडिंगवाल्यांनी गोडाऊनची पण करून घ्यावी, जूनात एकदा धार लागली की पत्रा बदलायलाही कोणी वर चढत नाही. बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, नंतर बघा, पहिले व्हीआय इम्प्रूव्हरचे, म्हणजे व्हिस्कॉसिटी मॉडिफायरचे ड्रम, तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून घालतात तो पॉलिमर. माल महाग, आणि एवढ्या जाड मालात पाणी गेलं की लवकर खाली बसतच नाही, काढता काढता नाकी नऊ येतात.

तर उघड्यावर एकही ड्रम नको. ताडपत्री टाकलीय म्हणून निवांत बसू नका, उभ्या ड्रमच्या डोक्यावर पाणी साचतं, ऊन पडलं की आतली हवा फुगून बुचातून बाहेर जाते, मग सर आली की ड्रम गार होतो आणि तेच साचलेलं पाणी आट्यांमधून आत ओढतो, बूच आवळलेलं असलं तरी. जागाच नसेल तर आडवे ठेवा, बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 वर, म्हणजे भरलेल्या ड्रमात दोन्ही मालाखाली राहतात. खाली लाकडी पॅलेट हवंच, नाहीतर ओलीने बूड गंजतं, किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेत तर फारच लवकर. नाव आणि बॅच नंबर ऑइल पेंटने लिहा, कागदी लेबल श्रावणापर्यंत टिकत नाही. जुना माल पुढे, नवा मागे.

नदीकाठी गोडाऊन असेल तर 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर आठवा आणि ड्रम साखळीने बांधा. भरलेला ड्रम कुठे जातोय असं वाटतं पण तेल पाण्यापेक्षा हलकं, भरलेलाही तरंगतो.

ओसीपीचे, म्हणजे ओलेफिन कोपॉलिमर या व्हीआय इम्प्रूव्हरच्या एका प्रकाराचे, घन गठ्ठे असतील तर उंच थप्पी नको, गरमीत ते दाबाने पसरतात, एकमेकांना चिकटतात, मग सुरी घेऊन बसा.

आता गरम करायचं. पावसात माल अजून घट्ट होतो, पंप ओढत नाही, आणि मग कोणीतरी ड्रमखाली बर्नर लावायला निघतो. हे अजिबात नको! पत्र्याला लागलेला थर करपतो, पॉलिमर तुटतो, आग लागायची भीती वेगळीच. ड्रमचा पट्टा हिटर किंवा गरम खोली घ्या, थर्मोस्टॅट चालतोय का ते आत्ताच तपासा, मोठं बूच आधी सैल करा, आणि बहुतेक लिक्विड ग्रेड 60-70 डिग्रीला वाहायला लागतात, तरी कमाल किती ते डेटाशीटवर बघूनच. वेळ लागतो, आदल्या दिवशी लावून ठेवा. पाण्याचा संशय असेल तर दोन थेंब हॉटप्लेटवर टाका, तडतडलं तर तो ड्रम बाजूला, तसाच शंभर डिग्रीच्या वर गेलेल्या केटलमध्ये, म्हणजे ब्लेंडिंगच्या टाकीत, ओतलात तर फेस उसळून वर येईल.

पंप गिअरचा, हळू चालणारा. माल उगाच पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका, पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात, मग 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल शंभर डिग्रीला 12.5 सेंटिस्टोकच्या (तेलाच्या घट्टपणाचं माप) खाली घसरतं आणि दोष बेस ऑइलवर जातो.

बाकी किरकोळ: उष्णता झेलणारे हातमोजे, गॉगल, दाराशी रेतीच्या आणि भुशाच्या गोण्या, त्या कोरड्या. सांडलं की आधी रेती, पाणी मारून गटारात ढकलू नका, पुढे ते कोणाच्या तरी शेतात नाहीतर खाडीत जातं. आणि डेटाशीट प्लास्टिकमध्ये घालून गोडाऊनच्या दाराला लावा, ऑफिसच्या कपाटात ठेवून रात्रपाळीवाल्याला काय उपयोग.