तासिकेचा दर ठरवताना

दादरमधील एका खासगी क्लासमध्ये मी मुलाखतीला गेले होते. दहावीच्या भूमितीचा पाऊण तासाचा डेमो तास घेऊन झाल्यावरच संचालकांनी पैशांचा विषय काढला आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे ‘250’ लिहून ते माझ्याकडे सरकवले. जाहिरातीत ‘आकर्षक मानधन’ होते. म्हणून मुलाखतीचे बोलावणे येताच, लोकलमध्ये चढण्यापूर्वी, फोनवरच दर विचारावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

दर कळला की तो कोणत्या कामाचा, हे विचारावे. आठवड्याला तासाभराच्या 12 तासिका असतील, तर 250 प्रमाणे 3,000 रुपये होतात. पण तयारीला सहा तास आणि चाळीस मुलांच्या साप्ताहिक चाचणीचे पेपर तपासायला, एका पेपरला नऊ मिनिटे धरली तरी, आणखी सहा तास लागतात. म्हणजे काम 24 तासांचे होते आणि दर 125 वर येतो. प्रवास यात धरलेलाच नाही. हा हिशेब घरूनच मांडून न्यावा आणि शांतपणे समोर ठेवावा. ‘पेपर तपासणे हा शिकवण्याचाच भाग आहे’ असे मला ऐकवण्यात आले. ते खरेच आहे, आणि म्हणूनच त्याचे पैसे मिळायला हवेत. पेपरामागे वेगळा दर मागावा, तसेच मे महिन्यात आणि रद्द झालेल्या तासिकांचे काय, हेही विचारून घ्यावे.

शाळेची गोष्ट वेगळी आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा राज्य कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू होतो, क्लासेसना नाही. शिक्षण सेवकांचे, म्हणजे कायम होण्यापूर्वी ठरावीक मानधनावर नेमलेल्या शिक्षकांचे, मासिक मानधन 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. शाळेत बोलणी करताना हे आकडे लक्षात असावेत. जास्त रकमेवर सही घेऊन कमी पैसे हातावर ठेवण्याची भाषा कोणी केली, तर तिथेच उठावे.

क्लासमध्ये मात्र लेखी पत्राशिवाय आधार नसतो. पत्र मिळेपर्यंत, ठरलेला दर, तासिकेची मिनिटे आणि पैसे खात्यात जमा होण्याची तारीख त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावी आणि होकार आल्यावरच रुजू व्हावे. मी 400 मागितले, ते 300 पर्यंत आले. परंतु पेपरांचे काहीच देणार नाही, असे सांगितल्यावर मी नकार कळवला.