शिक्षकीचं दुसरं वर्ष : आता वह्या वाचायला लागा

पहिलं वर्ष वर्ग शांत ठेवण्यात, टाचण (पाठाची लेखी आखणी) पूर्ण करण्यात आणि घंटा व्हायच्या आत पाठ संपवण्यात जातं. सगळ्यांचंच जातं. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे गेल्या वर्षी नव्हती अशी एक मोलाची गोष्ट असते : तोच पाठ तुम्ही एकदा शिकवून झालेला असतो. तिचा उपयोग कसा करायचा, ते नागपुरात चौथीला शिकवताना मला जसं उमगत गेलं तसं, शाळेच्या वर्षाच्या क्रमाने सांगते.

शाळा उघडण्याआधी

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. सुट्टीतल्या दोन सकाळी गेल्या वर्षीच्या टाचणवहीला द्या. नवं टाचण लिहायची घाई नको. जुन्या टाचणात प्रत्येक घटकासमोर एकच ओळ लिहा : मुलं नेमकी कुठे अडली? आठवत नसेल तर घटक चाचणीचे पेपर आणि आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी काढा. मग वर्षभरासाठी फक्त तीन घटक निवडा. सगळंच सुधारायला निघालेला शिक्षक ऑगस्टपर्यंत थकतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

शक्य असेल तर मुख्याध्यापकांना भेटून तोच वर्ग मागून घ्या. संकोच वाटला तरी मागा. दरवर्षी नवी इयत्ता मिळाली की पाठ दुसऱ्यांदा शिकवायची संधीच हातून जाते.

जुलै-ऑगस्ट : चूक वाचायची

या पायरीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन. वह्या तपासताना आपण बरोबर-चूकची खूण करतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. दुसऱ्या वर्षी रोज पाच वह्या वेगळ्या काढा आणि चुकलेलं उत्तर मुलाने कसं काढलं असेल, ते स्वतः करून बघा.

माझ्या वर्गात एकदा ५०३ वजा २६७ हे गणित दिलं होतं. एका मुलीचं उत्तर आलं ३६४. पहिल्या वर्षी मी त्यावर फुली मारून ‘हातचा विसरलीस’ असा शेरा दिला असता. या वेळी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, ‘कसं केलंस, मला सांग.’ ती म्हणाली, ‘मॅडम, तीनातून सात जातच नाही ना, म्हणून सातातून तीन काढले.’ दशकातही तेच : शून्यातून सहा जात नाही, म्हणून सहातून शून्य. तिने काहीच विसरलेलं नव्हतं. तिचा एक पक्का नियम होता आणि तो ती इमानाने पाळत होती. बाकीच्या वह्या पाहिल्या तर आणखी सात-आठ जणांकडे हाच नियम सापडला.

दुसऱ्या दिवशी खेळण्यातल्या नोटा नेल्या. शंभराच्या पाच नोटा, एक-एक रुपयाची तीन नाणी, आणि दुकानदाराला द्यायचे २६७. मुलांनीच सांगितलं, ‘चिल्लर करा.’ शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा केल्या, त्यातली एक मोडून दहा नाणी. आता शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. द्यायचे ते दिले, २३६ उरले. ती मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि आपल्या वहीतलं गणित तिने स्वतः खोडलं.

अशी सापडलेली प्रत्येक चूक तारखेसह टाचणाच्या समासात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हा समास पाठाइतकाच कामी येतो.

पोळ्याच्या सुमारास : प्रश्न विचारून थांबा

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या तासांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, असं त्यांना आढळलं. मनातल्या मनात ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणा आणि तोवर कुणाचंही नाव घेऊ नका. पहिला आठवडा ही शांतता जड जाते. मग मागच्या बाकावरचे हात वर यायला लागतात.

सराव हवा असेल तर तान्हा पोळा (लाकडी बैलांचा, मुलांचा पोळा) आणि मारबत (नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक) झाल्यावर वर्गात विचारा, ‘काय पाहिलं?’ काळी मारबत १८८१पासून निघते. नागपूरच्या पोराला तिच्याबद्दल सांगायला शब्द कमी पडत नाहीत. कुणी म्हणेल, ‘आम्ही गच्चीवरून पाहून राहिलो होतो.’ तिथे त्याला अडवू नका, त्याचं सांगून होऊ द्या. नंतर फळ्यावर ‘पाहून राहिलो होतो’ आणि ‘पाहत होतो’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहा : एक घरचं, एक पुस्तकातलं. घरच्या बोलीवर फुली बसली की मूल बोलणंच सोडतं.

दिवाळीनंतर : दुसऱ्याच्या वर्गात बसा

आठवड्यातला एक ऑफ तास अनुभवी सहकारी बाईंच्या वर्गात मागे बसून काढा. आधी विचारून, अर्थातच. त्या काय बोलतात हे उतरवू नका. त्यांची नजर कुठे जाते, गोंधळ वाढला की त्या आवाज चढवतात की उतरवतात, चुकीच्या उत्तरावर त्यांचा पुढचा प्रश्न कोणता असतो, एवढंच पाहा. मग त्यांना तुमच्या वर्गात बोलवा आणि एकच काम सांगा : ‘माझ्या तासात कोणकोण एकदाही बोललं नाही, तेवढं लिहा.’ ती यादी टोचते. त्यातल्या दोन मुलांशी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोला.

जिल्हा परिषदेत किंवा अनुदानित शाळेत असाल तर दुसऱ्या वर्षी तुम्ही अजून शिक्षणसेवकच असता. तीन वर्षांचा तो काळ, प्राथमिकला २०२३पासून महिन्याला १६,००० रुपये मानधन, आणि स्नेहसंमेलनापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतचं काम बहुधा सगळ्यात नव्या माणसाकडे येतं. हे जड आहे आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. मुख्याध्यापकांकडे जाऊन एक जबाबदारी आपणहून घ्या, ती चोख करा, आणि बाकीच्यांबद्दल नम्रपणे सांगा की वह्यांना वेळ उरत नाही.

एप्रिल

सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी घरी, कूलरसमोर, समासातल्या नोंदी एकदा वाचून काढा. निवडलेल्या तीन घटकांपैकी कोणता सुधारला, हे मुलांच्या शेवटच्या पेपरांवरून ठरवा. न सुधारलेला घटक टाचणाच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्यासाठीचं साहित्य, नोटा, काड्यांचे गठ्ठे, चित्रं, सुट्टी लागायच्या आधीच एका डब्यात भरून त्यावर घटकाचं नाव चिकटवा.