पाळीव सरडा निवडताना या चुका टाळा

पाळण्यासाठी सरडा घेणाऱ्यांची नजर आधी रंगावर जाते, मग किमतीवर, आणि ती प्रकृतीकडे वळते तेव्हा प्राणी बहुधा घरी पोहोचलेला असतो. मग 'तो खात का नाही', हा प्रश्न सुरू होतो. त्याचे उत्तर अनेकदा विकत घेण्यापूर्वीच समोर दिसत असते.

निपचित प्राण्याला शांत समजणे ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे. हातावर न हलता पडून राहणारा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरड्यांची एक जात) नवख्यांना माणसाळलेला वाटतो. निरोगी ड्रॅगन मात्र दिवसा डोळे टक्क उघडे ठेवून, छाती उचलून बसतो आणि समोरून हात फिरवला की त्याची नजर हाताच्या मागे जाते. दिवसाउजेडी डोळे मिटून पोटावर पसरलेला ड्रॅगन बहुधा एक तर आजारी असतो किंवा गारठलेला असतो. सरड्याला शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते, त्यामुळे आधी पेटीचे तापमान विचारावे. ड्रॅगनच्या ऊन खाण्याच्या जागी ते साधारण 40 अंश सेल्सिअस असायला हवे. लेपर्ड गेको या पालीसारख्या दिसणाऱ्या सरड्याचे वेळापत्रक वेगळे आहे. तो तिन्हीसांजेला जागा होतो, त्यामुळे दुपारी झोपलेला दिसला म्हणून त्याला आजारी ठरवू नये, तर संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहावे. प्राणी माझ्यासमोर किडा पकडून खात नाही तोवर मी तो घेत नाही. 'आत्ताच खाल्ले आहे' असे उत्तर मिळाले, तर मी दुसऱ्या दिवशी जातो. एवढा धीर नसलेल्या माणसाने सरडा पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक दयेपोटी होते आणि ती अधिक महाग पडते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी काडीसारख्या शेपटीचा लेपर्ड गेको 'आपण त्याला वाचवू' म्हणून आणला आणि स्वतःच्या धष्टपुष्ट गेकोंच्या पेटीत सोडला. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. निरोगी प्रौढाची शेपटी बुडाशी जवळजवळ मानेइतकी जाड असते. ती वाळलेली असेल तर उपासमार, जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियम यांपैकी काहीही कारण असू शकते. इथे कारण क्रिप्टोस्पोरिडियम निघाले. हा परजीवी विष्ठेतून पसरतो, नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. नवा गेको तर गेलाच, पण पाठोपाठ जुनेही एकेक करून वाळत गेले. कणव वाटणे चांगलेच आहे, परंतु घरात आधीपासून असलेल्या प्राण्यांवर तिचा भार टाकणे मला मान्य नाही.

बाकीच्या खुणा पाहायला काही मिनिटे पुरतात. जबडा रबरासारखा लवचिक, पाय वाकडे किंवा बोटे थरथरणारी असतील, तर कॅल्शियम आणि यूव्हीबी (अतिनील) प्रकाशाच्या अभावाने हाडे मऊ आणि कमकुवत झालेली असण्याची दाट शक्यता असते. बोटांवर जुन्या कातीची कडी अडकलेली असेल, तर रक्तप्रवाह तुटून बोट गळून पडू शकते. गुदद्वाराभोवती विष्ठा चिकटलेली नसावी. खोल गेलेले डोळे शुष्कता दाखवतात. नाकातोंडाशी बुडबुडे किंवा श्वासात टकटक आवाज असेल, तर श्वसनमार्गाचा संसर्ग समजावा. उष्ण दिव्याखाली ड्रॅगनने तोंड उघडे ठेवणे मात्र स्वाभाविक आहे. डोळ्यांच्या आणि काखेच्या घड्यांत लाल-काळे हलते ठिपके दिसले, तर ते गोचीडवर्गीय माइट असतात.

जंगलातून पकडलेला प्राणी घेऊ नये. तो परजीवी आणि ताण दोन्ही सोबत आणतो. पैदास कुठे झाली हे कागदोपत्री दाखवता न येणाऱ्याकडून खरेदी टाळावी. निवड कितीही चोख असली तरी नवा प्राणी किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा, त्याची देखभाल सर्वांत शेवटी करावी, हात साबणाने धुवावेत आणि पहिल्याच आठवड्यात त्याची ताजी विष्ठा सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी.