दुसऱ्यांदा प्रॉडवर जाण्याआधी

प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, पहिली चूक करून झाली असेल, तर पुढच्या रिलीजची तयारी आदल्या दिवशीच सुरू कर. आधी परतीची वाट बघून ठेव. रोलबॅकची, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतण्याची, कमांड डोक्यात नको, कामाच्या तिकिटात लिहिलेली हवी आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, एकदा चालवून पाहिलेली हवी. कोड मागे नेता येतो, पण मायग्रेशनने, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने, टेबलातला कॉलमच उडवला असेल तर जुना कोड येऊन वाचणार काय? कॉलम काढायचा तो नंतरच्या रिलीजमध्ये, त्याला कोणी हात लावत नाही हे पाहून.

डेटाबेसपाशी जरा जास्त रेंगाळ. माझी चूक इथलीच. भर दुपारी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मोठ्या टेबलावर साधा इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून केलेली सूची) टाकला. लॅपटॉपवर चुटकीसरशी झाला होता, कारण तिथे ओळीच जेमतेम शंभर. प्रॉडवर मात्र इंडेक्स पुरा होईपर्यंत टेबलात लिहिणं अडलं. वाचणं चालू होतं, म्हणून साइट धडधाकट दिसत होती आणि ऑर्डर एकही पडत नव्हती. लिहिणं न अडवता इंडेक्स बांधायला सांगणारा 'कन्करंटली' हा एक शब्द कमांडमध्ये राहिला होता. तोही ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या होतात किंवा एकही होत नाही अशा कमांडींच्या गटाच्या) आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर इनव्हॅलिड, म्हणजे निकामी, इंडेक्स मागे ठेवतो. तो आपणच काढायचा. तेव्हा प्रॉडच्या टेबलात ओळी किती ते आधी बघ आणि लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा, लाव.

'बॅकअप आहे' असं कोणी म्हणालं, तर शेवटचा रिस्टोअर कधी केला, म्हणजे त्यातून डेटा परत आणून कधी पाहिला, ते विचार. उद्धटपणा वाटला तरी विचार. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट चालवलं आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा बॅकअप पोस्टग्रेसची आवृत्ती जुळत नसल्यामुळे फसत होता, आणि तसं सांगणारे मेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वीची एक कॉपी योगायोगाने हाती होती, तिच्यावर निभावलं. म्हणून प्रॉडच्या टर्मिनलला लाल रंग दे आणि एंटर दाबण्याआधी सर्व्हरचं नाव मोठ्याने वाच. शेजारचे हसतील, हसू देत.

नवा कोड सगळ्या सर्व्हरवर पोचला का, तेही मोज. १ ऑगस्ट २०१२ ला शेअरचे व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर तो पोचला नव्हता. तिथला जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सर्व्हरवरची सेटिंगं), फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करायची खटकी), कोण जागेवर आहे, हे पाच मिनिटांत पाहून उरकतं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र रिलीज नकोच.

रिलीज झाल्यावर लगेच चहाला उठू नकोस. अर्धा तास एररच्या ग्राफसमोर बस, आणि एरर नसल्या तरी ऑर्डरींचा आकडा बघ. काही बिघडलं तर कारण शोधण्याआधी ग्रुपवर टाक: 'माझ्या रिलीजनंतर ऑर्डरी थांबल्यात, रोलबॅक करतोय.' लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, त्यानंतर उघड.