दारू सोडताना: आधी बी-१, मग ताट

व्यसन जीवनसत्त्वाच्या गोळीने सुटत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला हवं, कारण लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींपासून मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींपर्यंत सगळे उलटंच सांगत असतात. ही आशा जुनी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९६०च्या दशकात नायसिनचा, म्हणजे बी-३चा, जोरदार आग्रह धरला होता. त्यांच्याच संघटनेने तो आपल्या कार्यक्रमात घेतला नाही. बी-३च्या मोठ्या डोसांनी यकृताला इजा होते, हेही आता पक्कं माहीत आहे.

मग खाण्याचा उपयोग काय? दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी भरपूर. पहिल्या आठवड्यात मेंदू वाचवण्यासाठी आणि त्यानंतर संध्याकाळची ओढ सौम्य करण्यासाठी. या दोन्हींच्या मधलं बाकीचं सोपं आहे.

पायरी १: घरी सोडायची की दवाखान्यात, हे आधी ठरवा

सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागत असेल, पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, ताप आणि असंबद्ध बडबड सुरू होऊ शकते, आणि त्यात माणूस दगावू शकतो. यावर औषधं आहेत. ती डॉक्टरांनी मोजून द्यायची असतात. ताक, लिंबूपाणी किंवा मल्टिव्हिटॅमिन यांनी फिट थांबत नाही.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. कुठे जावं हे ठरत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ हे दोन नंबर आहेत. फिट आली तर थेट १०८.

पायरी २: पहिले पाच दिवस

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे घाई करू नका.

बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम ३० मिलिग्रॅम साठलेलं असतं. पुरवठा बंद झाला तर ते दोन-तीन आठवड्यांत संपतं. रोज पिणारा माणूस मुळात जेवत नाही. जे खातो त्यातलं बी-१ दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि दुखावलेलं यकृत ते साठवू शकत नाही. म्हणजे दारू सोडायच्या दिवशी टाकी बहुधा रिकामीच असते. साखरेपासून ऊर्जा बनवण्यासाठी मेंदूला बी-१ लागतंच. ते नसताना साखर भरपूर मिळाली की उरलंसुरलं बी-१ही वापरलं जातं आणि मेंदूच्या ठरावीक भागांना इजा होते. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला वेर्निके म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर पुढे नवीन काही लक्षात राहणंच बंद होऊ शकतं, आणि ते बऱ्याच वेळा भरून येत नाही.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. माणूस दोन दिवस प्यायलेला नसतो, उलट्या होतात, उभं राहवत नाही. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून आणू.’ गल्लीतल्या दवाखान्यात बाटली लागते. तिच्यावर डी-५ किंवा डीएनएस लिहिलेलं असेल तर त्यात ५ टक्के ग्लुकोज आहे, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर थेट रक्तात. म्हणून बाटली अडकवायच्या आधी विचारा, ‘रोज दारू पिणारे आहेत, बी-१ दिलं का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. बाटली पिवळी दिसते म्हणून समाधान मानू नका. पिवळेपणा मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-२चा असतो, त्यावरून बी-१ किती दिलं ते कळत नाही. याला एकच अपवाद: साखर तपासल्यावर ती खूप खाली असेल तर ग्लुकोज अडवून धरायचं नाही, दोन्ही एकदम द्यायचं.

घरी सुद्धा क्रम तोच. आधी बी-१, मग खाणं. ग्लुकोन-डीचा ग्लास, उसाचा रस, गुलाबजाम हे पहिल्या दिवशी नकोत.

डोस किती, याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. मेडिकलमधली नेहमीची बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूल इथे अपुरी आहे. तिच्यात बी-१ बहुतेक वेळा १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दारू सोडणाऱ्याला डॉक्टर साधारणपणे १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा देतात. एकदम ३०० घेण्यापेक्षा तीन वेळा विभागून घ्या, कारण आतडं एका वेळी थोडंच शोषतं. ज्याचं वजन खूप उतरलंय, जो आठवडाभर नीट जेवलेला नाही, ज्याला उलट्या होतायत, त्याला गोळ्या पुरत नाहीत. त्याला पहिले काही दिवस इंजेक्शनच हवं, आणि तेही दवाखान्यात, कारण क्वचित त्याची तीव्र ॲलर्जी येते. डॉक्टरांना मॅग्नेशियमबद्दलही विचारा. ते कमी असेल तर दिलेलं बी-१ नीट कामाला लागत नाही.

वेर्निकेची लक्षणं तीन: माणूस गोंधळलेला, डोळे आडवे थरथरणं किंवा एकाचे दोन दिसणं, आणि पाय फाकवून डुलत चालणं. तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, त्यामुळे तिसऱ्या लक्षणाची वाट बघत बसू नका. घरचे बहुतेक वेळा ‘अजून उतरली नाही’ असं म्हणून झोपवतात. शेवटचा पेला कधी घेतला ते मोजा. चोवीस तास उलटून गेल्यावरही माणूस डुलत असेल तर ती दारू नाही. त्याच रात्री इस्पितळात न्या आणि गेल्यावर ‘दारू सोडली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लपवलंत तर पुन्हा ग्लुकोजच लागेल.

दुसरा धोका भरल्या ताटाचा. पाच-सहा दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला ‘आता तरी नीट जेव’ म्हणून एकदम भरपेट वाढलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं. पाय सुजतात, धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडतात. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी अर्धी वाटीच द्या: उकड्या तांदळाची पेज मिठासकट, मुगाच्या वरणाचं पाणी, मग मऊ मूगभात, मग अर्धं केळं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रमाण वाढवा. मिसळ, तर्री, रिकाम्या पोटी लिंबू-सोडा हे बंद, कारण जठर आधीच सोललेलं असतं. चहा दोन कप, त्याहून जास्त नको, आणि गोळीबरोबर तर नकोच. चहातल्या टॅनिनमुळे बी-१ वाया जातं.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडून डोस पुन्हा ठरवून घ्या. दारू बंद झाल्यावर आणि जेवण बदलल्यावर जुना डोस चुकीचा ठरू शकतो.

पायरी ३: दुसऱ्या आठवड्यापासून ताट

डाळ, कडधान्य, अंडं, मासे, भाकरी. साधं घरचं जेवण.

एवढंच लक्षात ठेवा. उसळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने बी-१ नष्ट होतं. भिजवलेल्या मटकीचं पाणी फेकलंत तरी शिजवलेलं पाणी फेकू नका. ‘लिव्हर खराब आहे, डाळ-अंडं बंद करा’ हा जुना सल्ला तर पार विसरा. यकृताच्या बहुतेक रुग्णांना उलट जास्त प्रथिनं लागतात, वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम येतात, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२च्या आसपास, यावरून हिशेब करा. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसणं, असेल तर झोपण्यापूर्वी थोडं काहीतरी खायला द्या, रात्रभराचा उपास त्या यकृताला झेपत नाही. पाय सुजलेले असतील किंवा पोटात पाणी असेल तर मीठ आणि सुकी मासळी कमी करा.

पायरी ४: संध्याकाळी साडेपाचचं खाणं

महापे, रबाळे, तुर्भे इथे कामाला जाणारा माणूस एकला जेवतो. संध्याकाळी सुटून घोडबंदरला पोहोचेपर्यंत आठ वाजतात. सात तासांचं रिकामं पोट, ट्रॅफिकचा वैताग, आणि उतरल्यावर समोर बारची रांग. भूक आणि तलफ आतून जवळपास सारखीच जाणवते, आणि त्या क्षणी माणूस दोन्हींत फरक करू शकत नाही. म्हणून कामावरून निघण्यापूर्वी खायचं, घरी पोहोचून नाही. दोन उकडलेली अंडी, किंवा मूठभर फुटाणे आणि केळं, किंवा शेंगदाण्याच्या कुटाचा एक लाडू. डबा सकाळीच भरून ठेवा. ‘वाटेत काहीतरी घेऊ’ हे चालत नाही, वाटेत काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

कांदा-टोमॅटो घातलेले मसाला शेंगदाणे, चणा कोळीवाडा, फरसाण हे पहिले काही महिने घरात आणू नका. शेंगदाणा पौष्टिक आहे, पण त्या चवीबरोबर टेबल, ग्लास आणि सोबत बसणारी माणसं हे सगळं डोक्यात जागं होतं. तोच शेंगदाणा लाडवात किंवा कोशिंबिरीत खा.

गोड खावंसं वाटेल. पहिल्या महिन्यात खाऊ द्या, मधुमेह नसेल तर एखादी चिक्की किंवा बर्फी. त्यावरून घरात भांडण नको.

पायरी ५: कुठल्या गोळ्या घ्याव्यात, कुठल्या फेकाव्यात

फॉलिक ॲसिड घ्या, पण आधी बी-१२ तपासून. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय अजिबात नकोत, पिणाऱ्याच्या यकृतात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दुखावलेल्या यकृताला घातक. सिगारेटही ओढत असाल तर बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या ज्या घटकापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं त्याच्या) कॅप्सूलपासून लांब राहा: १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला होता. गाजर खायला हरकत नाही.

‘डोपामिन वाढवणाऱ्या’ अमिनो ॲसिडच्या डब्या घेऊ नका. ५-एचटीपी तर नैराश्याच्या गोळ्यांबरोबर धोकादायक आहे, आणि त्या गोळ्या दारू सोडणाऱ्यांपैकी अनेकांना चालू असतात. अश्वगंधाही डॉक्टरांना न विचारता नको, तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तलफ कमी करणारी औषधं खरंच आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. ती चिठ्ठीवर मिळतात. पावडरीवर खर्च होणारे पैसे तिथे वळवा.

टॉनिक घेताना लेबल वाचाच. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेली दारू असते. डायसल्फिरामची गोळी (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती) चालू असलेल्याने ते घेतलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. काही कफ सिरप आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं. याच कारणासाठी ही गोळी कुणाच्या वरणात गुपचूप कालवू नका. गोळीचं माहीत नसताना तो दारू प्यायला तर जीवावर बेततं.

तंबाखू सोबत सोडत असाल तर

निकोटीनची गोळी किंवा गम तोंडातच शोषला जातो आणि आंबट तोंडात शोषला जात नाही. सोलकढी, लिंबू सरबत, कॉफी यांनंतर पंधरा मिनिटं थांबा. ‘गम चघळून काही होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. सिगारेट सुटल्यावर कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, नाहीतर त्या धडधडीला आणि जागरणाला तलफ समजाल. गुटख्याने तोंड उघडत नसेल तर तिखट बंद करा, जेवण मऊ ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखूची क्विटलाइन: १८००-११-२३५६.

गोळ्या कधी थांबवायच्या

तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), एलएफटी (यकृताची तपासणी), बी-१२ पुन्हा करा. वजन वाढलंय, दोन वेळचं जेवण नीट चाललंय आणि पिणं पूर्ण बंद आहे, अशी स्थिती असेल तर डॉक्टर बी-१ बंद करतील. मध्ये पुन्हा पिणं सुरू झालं तरी बी-१ची गोळी थांबवू नका. ‘पितोच आहे तर गोळ्या कशाला’ म्हणून घरचे नेमकी तीच बंद करतात, आणि त्याच दिवसांत तिची गरज सगळ्यात जास्त असते.