कार्टर आणि रेगन यांची तुलना करताय? मग या चुका टाळा

जिमी कार्टर म्हणजे महागाई आणि पेट्रोलपंपावरच्या रांगा, रोनाल्ड रेगन म्हणजे करकपात आणि भरभराट. अमेरिकेच्या या लागोपाठच्या दोन अध्यक्षांवरचे (कार्टर 1977 ते 1981, रेगन 1981 ते 1989) बहुतेक लेख एवढ्यावरच उरकतात. तारखा लावून पाहिल्या की त्यातलं बरंचसं टिकत नाही.

महागाई उतरल्याचं श्रेय एकाच खात्यावर मांडणं

ही सगळ्यात मोठी चूक. 1980 मध्ये महागाईचा सरासरी दर 13.5 टक्के होता, 1983 मध्ये तो 3.2 टक्क्यांवर आला. आकडे खरे आहेत. पण महागाईचं कंबरडं मोडलं ते मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी. आणि ऑगस्ट 1979 मध्ये त्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं कार्टर यांनीच.

व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा असा आवळला की व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात गेले. घरबांधणी ठप्प झाली. चिडलेल्या बिल्डरांनी फेडला पोस्टाने लाकडाचे तुकडे धाडले, मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या. 1982 संपता संपता बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर पोचली होती. म्हणजे औषध कार्टर यांच्या काळात सुरू झालं आणि त्याचा कडूपणा दोघांनाही भोगावा लागला. कार्टर यांना तर ऐन निवडणुकीच्या वर्षात.

मग रेगन यांचं काहीच नाही का? आहे. मंदी चालू, अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी संसदेची निवडणूक तोंडावर, तरी त्यांनी व्होल्कर यांच्या मागे उभं राहणं सोडलं नाही आणि 1983 मध्ये त्यांची फेरनेमणूक केली. माझ्या मते रेगन यांच्या नेतृत्वाचा हा खरा पुरावा, आणि नेमका तोच लेखांतून गायब असतो.

सरकारी नियंत्रणं रेगन यांनीच उठवली असं धरणं

विमान कंपन्यांची भाडी आणि मार्ग खुले करणारा कायदा 1978 चा. रेल्वे आणि ट्रकवाहतुकीचे कायदे 1980 चे. तिन्हींवर सही कार्टर यांची. तेलाच्या किमतींवरचं नियंत्रण टप्प्याटप्प्याने काढायलाही त्यांनीच सुरुवात केली. रेगन यांनी जानेवारी 1981 मध्ये उरलेलं एका फटक्यात काढलं.

1981 च्या करकपातीवर थांबणं

प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 70 वरून 50 टक्क्यांवर आला, 1986 च्या कायद्याने पुढे 28 वर. इथवर सगळे लिहितात. पण तूट फुगल्यावर रेगन यांनी 1982 मध्येच कर वाढवले, हे किती जण लिहितात? त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय कर्ज 1 लाख कोटी डॉलरच्या खालून अडीच लाख कोटींच्या पुढे गेलं, तेही करकपातीच्या शेजारीच मांडायला हवं.

'कमकुवत' आणि 'कणखर' असे शिक्के मारणं

15 जुलै 1979 च्या भाषणात कार्टर यांनी देशाचा आत्मविश्वास ढळल्याचं सांगितलं. त्या भाषणानेच ते बुडाले अशी समजूत आहे. प्रत्यक्षात भाषणानंतर त्यांची लोकप्रियता वाढली होती. दोनच दिवसांत त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, आणि मग लोक बिथरले. रेगन यांनी ऑगस्ट 1981 मध्ये संपावर गेलेल्या 11 हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढलं, हे खरंच. पण 1983 मध्ये निवृत्तिवेतनाची व्यवस्था सावरताना याच रेगन यांनी विरोधी डेमोक्रॅट्सशी तडजोड केली. बारीकसारीक तपशिलात शिरणारे कार्टर आणि दिशा ठरवून काम दुसऱ्यांवर सोपवणारे रेगन, हा फरक जास्त पटण्यासारखा आहे.

लेख आधीच लिहून झाला असेल तर

आकड्यांचं कोष्टक पुन्हा उघडा. कार्टर 4 वर्षं होते, रेगन 8. नोकऱ्या अनुक्रमे सुमारे 1 कोटी आणि 1 कोटी 60 लाख वाढल्या. दरवर्षीची सरासरी काढली की कार्टरच पुढे दिसतात. शिवाय अमेरिकेचं अर्थसंकल्पी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. त्यामुळे 'रेगन 1981' अशा रकान्यात वर्षभराचा सरकारी खर्च टाकला असेल, तर सप्टेंबरपर्यंतचा बराचसा हिशेब कार्टर यांच्या अंदाजपत्रकाचा आहे.