छापलेली सरासरी पेन्सिलीने कशी तपासाल

शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचते, आधी कोष्टक.

समजा, २५ जणांनी १ ते ५ पैकी पूर्णांकातच गुण दिलेत आणि सरासरी छापलीय ३.४६. गुणिले २५ करा. ८६.५ येतात. पूर्णांकांची बेरीज साडेशहाऐंशी कशी येईल? ८६ असती तर ३.४४, ८७ असती तर ३.४८. मधलं काही निघतच नाही. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांची ही ‘ग्रिम’ चाचणी. सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत छापली असेल, तर नमुना, म्हणजे उत्तर देणाऱ्यांची संख्या, शंभराच्या आत हवी.

पण लगेच कुणाला खोटं ठरवू नका, मूळ उत्तरपत्रिका मागा. माझ्या एका विद्यार्थिनीची अशीच सरासरी अडली. गठ्ठा उलगडला, तर एकीने तो प्रश्न कोराच सोडला होता. ८३ भागिले २४, दोन दशांश स्थळांपर्यंत ३.४६.